घर विकायचे की नोकरी सोडायची?

रामदासपेठेतील आमच्या ऑफिसात गेल्या महिन्यात एक काकाजी आले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जुनी फाइल हातात होती. वय पासष्टीच्या आसपास, आणि इंदोऱ्याहून सायकलने आलेले. जयभीम झाला, पाणी झाले. खुर्चीच्या काठावर बसूनच त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, घर इकू का नोको इकू, तेवढं सांगा जी."

काकाजी एम्प्रेस मिलचे कामगार. त्यांचे वडीलही त्याच मिलमध्ये होते. मिल २००२ मध्ये बंद पडली तेव्हा काकाजींनी चाळिशी ओलांडली होती. त्यानंतर त्यांनी याच रामदासपेठेत एका दवाखान्याच्या गेटवर चौकीदारी केली आणि त्या पगारावर पोराला शिकवले. पोरगा डिप्लोमा इंजिनिअर झाला. तीन वर्षे नागपुरात घरी बसला, मग पुण्याजवळ चाकणला एका कंपनीत लागला. आता अडचण अशी की नोकरी आहे, पण राहायला जागा नाही. "पोराले नोकरी भेटली जी, पण खोली भेटून नाही राहिली. एका मालकानं टोकन घेतलं, करारनाम्याले आधार कार्ड मागितलं, आडनाव वाचलं अन् म्हणते, आमचाच पाव्हणा येऊन राहिला, खोली देता येत नाही." सध्या पोरगा मित्रांच्या खोलीत पाचवा म्हणून झोपतो, कामावर जायला-यायला रोजचे चार तास जातात. असेच चालले तर महिन्या-दोन महिन्यांत तो परत येईल, ही बापाची भीती. म्हणून इंदोऱ्याचे घर विकून तिकडे एका खोलीचा फ्लॅट घेऊन टाकावा, म्हणजे पोराला कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही, असा हा हिशेब.

फाइल उघडून पाहिली. घर आजोबांच्या नावावर. आखीव पत्रिकेवर ना काकाजींच्या वडिलांचे नाव चढले, ना काकाजींचे. वारस पाच. अशा घराला गिऱ्हाईक मिळाले तरी बँक कर्ज देत नाही आणि भाव निम्म्यावर येतो. जे हाती येईल त्याचे पाच वाटे. त्यातल्या एका वाट्यात चाकणला फ्लॅट तर सोडाच, पार्किंगची जागाही येणार नाही. म्हणजे मालकीचे घर आहे, पण ते घेऊन कुठे जाता येत नाही आणि टाकून जावे तर पुढे दार बंद.

स्वतःचे घर असणे आणि बेकार असणे यांचा संबंध आहे काय? वरवर पाहता प्रश्न विचित्र वाटतो. घर असलेला माणूस सुखी, अशीच आपली समजूत. पण इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू ओस्वाल्ड यांनी १९९६ मध्ये नेमका हाच संबंध मांडून खळबळ उडवली. त्यांचे म्हणणे असे की ज्या देशात मालकीची घरे जास्त, त्या देशात बेकारीही जास्त. मालकीच्या घरांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की बेकारीचा दर साधारण दोन टक्क्यांनी वाढलेला दिसतो, असा त्यांचा ढोबळ हिशेब होता. दाखला स्पेनचा आणि स्वित्झर्लंडचा. स्पेनमध्ये बहुतेक लोक स्वतःच्या घरात राहत आणि बेकारी वीस टक्क्यांच्या वर. स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहत आणि बेकारी नाममात्र. कारण साधे. कारखाना बंद पडला की भाडेकरू वळकटी उचलतो आणि जिथे काम असेल तिथे जातो. घरमालक घर विकले जाण्याची वाट पाहत बसतो, आणि कारखाना बंद पडलेल्या गावात घराला गिऱ्हाईक नसते. २०१३ मध्ये डेव्हिड ब्लँचफ्लॉवर यांच्यासोबत त्यांनी अमेरिकेतील राज्यांची आकडेवारी तपासून हाच मुद्दा पुन्हा मांडला. हा तर्क सर्वांना मान्य झाला असे नाही. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत एकेकटा घरमालक भाडेकरूपेक्षा जास्त बेकार असतो असे काही आढळले नाही. नुकसान त्या एका मालकाचे कमी आणि साऱ्या प्रदेशाच्या रोजगाराचे जास्त, असे ओस्वाल्ड यांचेही म्हणणे आहे.

आपल्याकडे हे गणित जसेच्या तसे लागत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील ८६.६ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात. खेड्यांत तर ९४.७ टक्के. यावरून भारत श्रीमंत ठरत नाही. मातीच्या भिंतीवर टिनाचे पत्रे टाकले तरी जनगणनेच्या कागदावर ते मालकीचेच घर. आणि बिहारमधला मजूर घर असूनही हजार मैलांवर कामाला जातोच. घर आणि बायकापोरे गावात ठेवून तो बांधकामाच्या साइटवर झोपतो. तेव्हा ओस्वाल्ड साहेबांचा तर्क आहे तसा उचलून नागपूरवर चिकटवणे बरोबर नाही. पण तो टाकून देण्यासारखाही नाही, कारण इंदोऱ्याचा इतिहासच त्याची साक्ष देतो.

एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. टाटांच्या साम्राज्याचा पाया मुंबईत घातला गेला असे पुष्कळांना वाटते, पण त्यांच्या उद्योगातला मोठा टप्पा नागपूरच्या या गिरणीचा आहे आणि त्यात आमच्या आजा-पणजांचा घाम आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मिलने इंदोऱ्याला सरकारकडून जमीन घेऊन कामगारांची वसाहत आखली. मिलचे व्यवस्थापक सर बेझनजी मेहता यांचे नाव आजही बेझनबागेला आहे. योजना अशी की कामगाराने प्लॉट घ्यावा, कंपनीच्या कर्जातून घर बांधावे आणि हप्ते फेडावेत. त्या काळी ही सुधारणाच होती, हे आम्ही नाकारत नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेल्या माणसाला आखलेला रस्ता आणि स्वतःच्या नावाचा उंबरठा मिळाला. पण हप्ता चालू असेपर्यंत कामगार मिल सोडून कुठे जाणार? पगार कमी म्हणून भांडला आणि काढून टाकला गेला तर घराचे काय? मार्क्सवाद्यांशी आमचे मतभेद जगजाहीर आहेत, तरी फ्रेडरिक एंगल्स यांनी १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना जे दाखवून दिले त्याची इथे आठवण होते. आल्सेस प्रांतातील म्युलहाउस येथे कारखानदारांनी कामगारांना हप्त्याने घरे दिली होती. एंगल्स यांनी म्हटले की असे घर कामगाराला कारखान्याच्या दाराशी बांधून ठेवते, आणि तो जाऊ शकत नाही हे माहीत असल्याने मालक मजुरीही कमी देऊ शकतो.

टाटांकडून ही मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये तिचा भोंगा कायमचा बंद झाला. आज त्या जागेवर मॉल आणि फ्लॅट उभे आहेत. आम्ही काकाजींना विचारले, तेव्हा सुरतेला किंवा भिवंडीला का गेला नाहीत? तिकडे तर माग चालू होते. ते म्हणाले, "घर टाकून कुठं जाऊ जी? जे भाड्यानं राहत होते ते दोघं गेले सुरतले. आमचं सारं इथंच होतं." त्या दोघांपैकी एकजण तिकडेच स्थायिक झाला, दुसरा आजारी पडून परत आला, असे त्यांनीच सांगितले.

आपल्या समाजाला हे बंधन नवे नाही. पश्चिम महाराष्ट्रात महार वतनाची जमीन हे त्याचेच जुने रूप. जमिनीचा तुकडा होता, पण त्यापायी साऱ्या गावाची आणि सरकारची चाकरी रात्रंदिवस करावी लागे. ती सोडून शहरात जावे तर वतन जाते, या भीतीने माणूस गावातच खितपत पडे. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत आपलेही लोक होते. तुकडा सुटेल याची धास्ती गुलामीपेक्षा मोठी वाटत होती. पुढे कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा आला तो १९५८ मध्ये.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग सोपे आहे. घराचा मोह सोडा, भाड्याने राहा, नोकरी असेल तिथे जा. आजकाल इंग्रजी वर्तमानपत्रांतून तरुणांना हाच सल्ला दिला जातो: घर घेऊ नका, भाड्याने राहा, हलके राहा. सल्ला देणाऱ्याला आडनाव विचारून कोणी दारातून परत पाठवलेले नसते.

सप्टेंबर १९१७. कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. होऊन, पीएच.डी.चा प्रबंध लिहून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार दहा वर्षे संस्थानची नोकरी त्यांना करायचीच होती. नोकरी होती, पगार होता, स्वतः महाराज अनुकूल होते. नव्हती ती राहायला खोली. हिंदू हॉटेलात प्रवेश नाही म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करण्याचे फर्मान सोडून गेला. एका हिंदू मित्राकडे विचारले, एका ख्रिस्ती मित्राकडे विचारले, दोघांनीही टाळले. कामाठी बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात हे सारे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यानंतर सिडनहॅम कॉलेजात नोव्हेंबर १९१८ मध्ये प्राध्यापकी मिळेपर्यंत त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. देशातील त्या काळच्या सर्वाधिक शिकलेल्या माणसांपैकी एक माणूस कायमच्या नोकरीवाचून राहिला, आणि तो लायकी नसल्यामुळे नव्हे. भाड्याने घर न मिळाल्यामुळे!

बडोद्याची ही हकीकत आपण सहसा अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो. ती बेकारीचाही दाखला आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. पुढे बरीच वर्षे परळच्या चाळीत दोन खोल्यांत काढल्यावर बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले, त्यामागे ग्रंथांची सोय होतीच. पण ज्याला बडोद्यात बागेत बसावे लागले होते, त्याला स्वतःच्या दाराची किंमत किती कळली असेल!

आणि ही गोष्ट १९१७ बरोबर संपलेली नाही. आपल्याच विदर्भातले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सवर्ण नावाने फोन केला तेव्हा सगळीकडून होकार आला. दलित नावाने विचारल्यावर सुमारे चाळीस टक्के ठिकाणी सरळ नकार तरी मिळाला किंवा जादा अटी तरी घातल्या गेल्या. मुस्लिमांची स्थिती याहून वाईट.

दिल्लीपर्यंत जाण्याची गरज नाही. वीसेक वर्षांपूर्वी वकिलीची सनद घेऊन आम्ही ऑफिससाठी जागा शोधत होतो, तेव्हा याच भागातल्या एका घरमालकाने चहा पाजला, भाडे ठरवले, किल्ली टेबलावर ठेवली. मग सहज विचारावे तसे विचारले, "पूर्ण नाव काय म्हणालात?" नाव सांगितले. किल्ली टेबलावरून उचलली गेली. भांडण नाही, शिवी नाही. चहासुद्धा संपवू दिला. आता ज्या जागेत आम्ही बसतो ती दुसऱ्या एका सद्गृहस्थांनी दिली आणि एकदाही काही विचारले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

रामदासपेठेचे एकूण चित्रच असे आहे. जुन्या बंगल्यांचे दवाखाने झाले, पॅथॉलॉजी लॅब झाल्या, क्लासेस झाले. सकाळी सात वाजता लेंड्रा पार्ककडून पंचशील चौकाकडे चालत जा, आया, वॉर्डबॉय, नर्सेस, चौकीदार, झाडूवाल्या बायांच्या रांगा दिसतील. त्यातल्या कितीतरी उत्तर नागपुरातल्या, कितीतरी चंद्रपूर-गडचिरोलीकडून आलेल्या पोरी. रामदासपेठेत त्यांना काम मिळते, खोली मिळत नाही. रात्रपाळी संपवून त्या पहाटे लांबच्या वस्तीत परततात. २०२२ च्या डिसेंबरपासून इंदोरा चौकातून मेट्रो धावते, ही सोय मोठी आहे. शहराच्या आत ती अंतर मिटवते; नागपूर ते चाकण हे अंतर मेट्रोने मिटणारे नाही.

अमेरिकेत काळ्या लोकांच्या बाबतीत हेच घडले होते. जॉन केन नावाच्या अर्थशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये शिकागो आणि डेट्रॉइटचा अभ्यास करून दाखवले की कारखाने शहराबाहेरच्या उपनगरांत गेले, तिथे काळ्यांना घर मिळत नाही, म्हणून काळ्यांच्या वस्त्यांत बेकारी साचते. ओस्वाल्ड म्हणतात माणूस हलत नाही म्हणून बेकार होतो. केन विचारतात, त्याला हलू दिले जाते काय? आम्हाला दुसरा प्रश्न जास्त खरा वाटतो. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि एका आठवड्याच्या आत, ११ एप्रिलला, घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकेत झाला. किंग यांनी १९६६ मध्ये शिकागोत घरांच्या प्रश्नावर मोर्चे काढले होते, दगड खाल्ले होते.

आपल्याकडे कायदा नाही काय? आहे, आणि अमेरिकेच्या आधीचा आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की कोणत्याही वस्तीत राहण्याची जागा घेण्यास, बांधण्यास किंवा तिथे राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम १२ त्याहून मोलाचे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण आहे. इतका धारदार कायदा, आणि शिक्षा किती? एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. आजच्या पुण्यात पाचशे रुपयांत ब्रोकर फोनसुद्धा उचलत नाही.

काकाजींना हे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "केस टाकून खोली भेटते का जी?" प्रामाणिक उत्तर एकच होते. नाही भेटत. पोरगा चाकणला कामावर जाईल की पुण्याच्या कोर्टात तारखेला? फौजदारी खटल्यात मालकाला शिक्षा होईलही, पण पोराला छप्पर मिळत नाही. मालकाचा "पाव्हणा" खरा की खोटा हे ठरेपर्यंत नोकरी गेलेली असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये करारनामा लेखी असावा, नोंदवलेला असावा, अशा तरतुदी आहेत. जातीमुळे घर नाकारले तर काय, याबद्दल तो गप्प आहे. उलट, सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये गुजरातच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, संस्थेने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा नियम केला तर तो वैध आहे असा निर्णय दिला. एका छोट्या अल्पसंख्य समाजाबाबतचा तो निर्णय होता हे खरे. पण त्याचा आधार घेऊन उद्या कोणतीही संस्था दारावर कुलूप लावू शकते, ही भीती वकील म्हणून आम्हाला तेव्हाही वाटली आणि आजही वाटते.

म्हणून मागणी करायची ती दिवाणी उपायाची. भाडे कायद्यातच तरतूद हवी की जात-धर्मावरून घर नाकारले तर मालकाने आणि ब्रोकरने भरपाई द्यावी, आणि तिचा निकाल भाडे न्यायालयाने ठरावीक मुदतीत लावावा. दुसरी मागणी आणखी साधी. समाजकल्याणच्या वसतिगृहात पोरगा शिकेपर्यंत राहतो. शेवटचा पेपर झाला की सामान उचलावे लागते. नोकरी लागण्याच्या क्षणीच छप्पर जाते. पुणे, चाकण, बुटीबोरी, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) अशा औद्योगिक भागांत पहिल्या दोन वर्षांसाठी नोकरदार तरुणांची वसतिगृहे उभारली तर पाचवा म्हणून झोपण्याची पाळी येणार नाही. ही कल्पना आमची नाही. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच भरलेल्या अखिल भारतीय दलित परिषदेने सरकारी जमिनींवर अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहती उभारण्याचा ठराव केला होता. घर आणि काम एकाच ठिकाणी, आणि ते कोणाच्या मेहरबानीवर नाही, हाच त्या ठरावाचा गाभा होता.

सरकारकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळतात, तेही बोलले पाहिजे. पुण्यात आपल्या समाजाचे अधिकारी, प्राध्यापक, इंजिनिअर आता थोडेथोडके नाहीत. कित्येकांचे दुसरे फ्लॅट आहेत, तेही भाड्याने दिलेले. कोणाला? ब्रोकर आणेल त्याला, "फक्त फॅमिली, बॅचलर नको" अशी अट घालून. १४ एप्रिलच्या वर्गणीत हे बंधू हात आखडत नाहीत. पण इंदोऱ्याचा पोरगा खोली मागायला आला की त्यांनाही सोसायटीच्या चेअरमनची काळजी वाटते! आमच्या ओळखीच्या अशा चौघांना आम्ही फोन केले. दोघांनी फोन उचलला. एकाने "पुढच्या महिन्यात बघू" म्हटले. दुसऱ्याने मुलाचा नंबर मागून घेतला आहे.

काकाजींना आम्ही घर विकू नका असेच सांगितले. मालकीचे घर पायातली बेडी होऊ शकते हे ओस्वाल्ड यांचे म्हणणे खरे असले, तरी परगावी भाड्याचे दार बंद असलेल्या माणसाने परतीचे एकमेव दारही विकून टाकावे, हा सल्ला देण्याची हिंमत आमच्यात नाही. मिल गेली तेव्हा ते घर होते म्हणूनच चौकीदाराच्या पगारात पोरगा शिकला, हे काकाजींनीच बोलता बोलता सांगितले. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात काम करणाऱ्या दोन नर्स मुली जागा शोधत होत्या, त्यांना ती दाखवली आहे. त्यांचे भाडे आले तर ते पोराच्या तिकडच्या डिपॉझिटला जाईल.

वारसांच्या नोंदीचा अर्ज आम्ही नगर भूमापन कार्यालयात दिला आहे. चार वारसांच्या सह्या झाल्या. पाचवी सही बल्लारपूरच्या बहिणीची. ती सुटी मिळाली की येणार आहे.